पेनं भावाला, पेन्सिली बहिणीला

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नुसत्या पेन्सिली पडलेल्या दिसल्या की रत्नमालाच्या कपाळाची शीर तडतडायची. वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, वाटणी झाली, संक्रांत आली, तरी तो डबा तिने कपाटात आत सरकवला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, मुद्दाम, डोळ्यांसमोर. राग शिळा होऊ नये म्हणून माणसं काय काय करतात. कोणी अबोला धरतं, कोणी शिव्या घोकतं. रत्नमाला पोळ्या लाटता लाटता त्या डब्याकडे बघायची, आणि पोळी एका बाजूने जाड व्हायची.

तिचा नवरा सुमेध ताटातली पोळी उचलून विचारायचा, "आज कोणत्या पेन्सिलीनं लाटली?"

"खायची असेल तर खा, नाही तर ठेव."

तो मुकाट्याने खायचा. शहाणा माणूस होता.

गोष्ट अशी, की रत्नमालाचे वडील शामराव भिलाईच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नक्षानवीस होते. जन्मभर रेघा मारल्या, आणि रेघा मारणाऱ्या वस्तूंवरच जीव जडला. त्यांना वेड होतं जुन्या पेन-पेन्सिलीच्या संचांचं. एक शाईचं पेन आणि त्याच्या जोडीची शिसं पुढेमागे करणारी फिरवायची पेन्सिल, दोघं एका मखमली डबीत, नवराबायकोसारखे शेजारी निजलेले. सुपेल्याच्या इतवारी बाजारात, पावर हाऊसच्या भंगारवाल्याकडे, कधी घर बदलून जाणाऱ्या साहेबाच्या अंगणात मांडलेल्या सामानात, जिथे संच दिसेल तिथून शामराव तो घेऊन यायचे. महाग संच त्यांनी कधी घेतला नाही. त्यांना हवा असायचा चुकलेला संच. म्हणजे शंभर संचांमध्ये जो एक कारागिराच्या हातून वेगळा झाला असेल, तो. पेनाच्या टोपणावरच्या कड्याची नक्षी उजवीकडे झुकलेली आणि पेन्सिलीची डावीकडे. एकाची क्लिप दुसऱ्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी आखूड. टोपणाच्या शेंड्यावरचं बटण एकाचं काळं, दुसऱ्याचं हाडासारखं पांढरं.

थंडीत अंगणात उन्हाला वर्तमानपत्र पसरून ते संच मांडायचे, भिंग रत्नमालाच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "रत्ने, काय वेगळं दिसते?"

ती तासन् तास बघत बसायची. सापडलं की ते मांडीवर थाप मारायचे. नाही सापडलं तर सांगायचे नाहीत. "पाह्य अजून. वस्तू कुठी पळून नाही चालली." देवानंद, तिचा धाकटा भाऊ, तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळत असायचा. त्याने ते भिंग कधी हातात धरलं असेल तर मुंग्या जाळायला.

सगळ्या संचांत त्यांचा लाडका एक होता. मरून रंगाचा, अंगावर काळ्या शिरा. कुठल्याशा लहान कारखान्याचा, नावसुद्धा झिजून गेलेलं. त्या जातीच्या पेनाच्या दांडीला शाई किती उरली ते दिसावं म्हणून एक पारदर्शक खिडकी असायची. पण या संचात गंमत झाली होती. पेनाला खिडकीच नव्हती, आणि पेन्सिलीला होती! कारागिराने घाईत दांड्यांची अदलाबदल केली होती. पेन्सिलीच्या खिडकीतून शाई कुठून दिसणार, आतली पितळी सळई तेवढी दिसायची. शामराव हसून हसून डोळे पुसायचे. "शाई संपली का, ते पेन्सिलीत पाहून घे!" आणि दोघांची सपाट बुडं एकमेकांना टेकवली, की पेनावरची काळी शीर थेट पेन्सिलीवर चालत जायची. एकाच कांडीतून कापलेली दोन भावंडं. वेगवेगळी पाहिली तर पेन दिसायचं साधं, हलकं, आणि पेन्सिल दिसायची येडपट. दोघं जवळ ठेवली तरच कळायचं की हा संच म्हणजे काय चीज आहे.

शामराव गेले. वर्ष पाळलं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच आठवड्यात चरोद्याहून भैयालाल मामा आले वाटणी करायला. मामा रेल्वेतून रिटायर. घरातल्या कुठल्याही भांडणात पंच म्हणून तेच, कारण त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. बाबांचं बोरसीचं घर देवानंदच्या नावावर आधीच झालं होतं, त्याबद्दल रत्नमालाने शब्द काढला नाही. भांडी, पलंग, आईचे दागिने, कशातच तिला रस नव्हता. ती म्हणाली, "मले फक्त बाबांचे संच पाहिजे."

देवानंद म्हणाला, "मले बी पाहिजे. नवीन ड्रॉइंग रूममध्ये शोकेस केली आहे मी. बाबांची आठवण म्हणून लावीन."

"तुले त्यातलं काय समजते?"

"आठवणीले समजावं कावून लागते?"

झालं, जुंपली. मामांनी हात वर केला. "थांबा. संच वाटायचे म्हटले तर हा मले, तो तुले, रात्र होईल, डोकी फुटतील. सोपं करू. पेनं भावाले, पेन्सिली बहिणीले. दोघांचे नग सारखे. कोणाचं कमी नाही, कोणाचं जास्त नाही."

रत्नमालाला आधी वाटलं मामा थट्टा करताहेत.

"मामा, संच आहे तो. संच तोडत नसतात."

"कावून नाही तोडत? चरोद्याच्या यार्डात आम्ही जन्मभर गाड्या तोडल्या. हा डबा इकडे, तो डबा तिकडे. एकाही डब्याले रडताना नाही पाहिलं."

सगळे हसले. देवानंद सगळ्यात मोठ्याने हसला.

"आणि पेनंच भावाले कावून?"

"अवं, सही पुरुषाले करावी लागते. बाईले पेन्सिल बरी. चुकलं तर खोडता येते."

पुन्हा हशा. रत्नमाला आईकडे वळली. सुशीलाबाई कोपऱ्यात पाटावर बसून जपमाळ ओढत होत्या. हळू बोलणाऱ्या, हळू चालणाऱ्या, उभ्या आयुष्यात कोणाला 'अरे' ला 'कारे' न केलेल्या. त्या दिवशी एकादशी होती, आणि एकादशीला सूर्यास्तापर्यंत मौन हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. "आई, तू सांग यांना. बाबांनी जोड्या तोडू दिल्या असत्या का?" सुशीलाबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग खिडकीतून उन्हाकडे बोट केलं. ऊन उतरू दे, मग बोलते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पण मणी थांबला नाही.

ऊन उतरेपर्यंत सगळं उरकलं होतं. हर्षाने, म्हणजे देवानंदच्या बायकोने, एकेक मखमली डबी उघडून पेनं एका परातीत आणि पेन्सिली दुसऱ्या परातीत काढल्या, तांदूळ निवडावेत तशा. रिकाम्या डब्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. दिवेलागणीला आईने तोंड उघडलं तेव्हा बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रत्नमाला बिस्किटांचा डबा स्कूटीवर पायाशी ठेवून कारखान्याच्या सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरला आली. खड्ड्याखड्ड्याला डबा वाजत होता.

हे पोटात घेऊनच ती रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी हर्षाच्या हळदीकुंकवाला निघाली. जायचं मनात नव्हतं. पण सवाष्णीने बोलावणं मोडू नये. आणि दुसरं म्हणजे तिने ठरवलं होतं, आज देवानंदला शांतपणे एवढंच म्हणायचं, अरे, बाकीची पेनं तुला राहू देत. ते एक मरून पेन मला दे. त्याची पेन्सिल तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतली होती. बुडाला बूड टेकवून दाखवली तर दगडालाही समजेल, असं तिला वाटत होतं.

बोरसीच्या घरात बायकांची दाटी झाली होती. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगुळाचा वास. सुशीलाबाई प्रथेप्रमाणे आतल्या खोलीत बसल्या होत्या, दाराआड. त्याचाही एक चटका रत्नमालाला बसलाच. स्वतःच्या घरात आई लपून बसलेली, आणि बाहेर सौभाग्याचा बाजार.

हर्षाने तिला हळद-कुंकू लावलं, अत्तर लावलं, आणि टोपलीतून जाळीची एक पिशवी काढून तिच्या हातात ठेवली. वर सोनेरी रिबीन. "घ्या ताई, वाण. यंदा मी हटके दिलं. त्याच चाळण्या, तेच डबे, किती द्यायचे? सगळ्या बायका खूश!"

रत्नमालाने पिशवी बाहेरूनच चाचपली. लांबट. कडक. बोटांना जे कळलं ते डोक्यात शिरायला क्षण लागला. तिने रिबीन ओढली. आत करडं पेन, कड्यावरची नक्षी उजवीकडे झुकलेली. त्याची डाव्या नक्षीची पेन्सिल तिच्या खिडकीतल्या डब्यात होती.

"हे काय आहे?"

"पेन आहे ताई."

"पेन आहे ते दिसते मले. कोणाचं आहे?"

हर्षाचं हसू जरा सुकलं. "बाबांचंच. पडूनच होते ना. यांनी शोकेससाठी चांगले चांगले काढून घेतले, सोनेरी टोपणाचे. बाकीचे साधे होते, ते मी म्हटलं..."

"लुटले."

"वाण लुटायचंच असते ताई."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. संक्रांतीचं वाण लुटतातच, तोच शब्द आहे. पण रत्नमालाला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिळगूळ चावायचाही आवाज थांबला. ती तशीच उठून शोकेसकडे गेली. काचेआड सोनेरी टोपणांची पेनं दिव्याखाली ओळीने उभी, लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखी. एकातही काही वेगळं नव्हतं; या संचांतली चूक होती ती पेन्सिलीत. सगळी सरळ, सगळी बरोबर, बाजारात ढिगाने मिळणारी. जेवढी म्हणून चुकलेली होती, जेवढी बाबांनी उन्हात बसून शोधली होती, तेवढी सगळी टोपलीत गेली होती.

"देवा!" तिने हाक मारली. हाक कसली, ती आरोळीच होती.

देवानंद आतून मोबाइल कानाला लावूनच आला. "काय झालं ताई? पाहुण्या आहेत घरात."

"मरून पेन कुठी आहे?"

"कोणतं मरून?"

"काळ्या शिरांचं. बिनखिडकीचं."

"ते? ते तर एकदम साधं होतं. शाई दिसायची खिडकी बी नव्हती त्याले. सस्तं मॉडेल."

"सस्तं मॉडेल!" रत्नमाला दोन पावलं पुढे आली. "अरे मुंग्या जाळणाऱ्या, खिडकी नव्हती म्हणूनच तर ते होतं! खिडकी नाही हेच त्याच्यातलं वेगळं होतं! इंजिनीअर झाला तू, आणि एवढं बी नाही पाहिलं की पेनाची खिडकी गेली कुठी?"

"कुठी गेली?"

"माह्या डब्यात!"

कोपऱ्यातल्या एका बाईला हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. देवानंदचा चेहरा लाल झाला. "ताई, हद्द करून राहिली तू. एक जुनं पेन. दुकानातून नवं आणून देतो, चल."

"कोणाले दिलं?" ती हर्षाकडे वळली.

"मले काय आठवणार? टोपलीतून हाताले येईल ते देऊन राहिली होती मी..." मग हर्षाच्या चेहऱ्यावर आठवण उमटली आणि ती पस्तावली. पण रत्नमालाने ती पाहिलीच होती. "मागच्या गल्लीतल्या सीमाले. संक्रांतीच्या दिवशीच. तिची साडी मरून होती, म्हणून मी म्हटलं मॅचिंग होईल."

मॅचिंग. रत्नमालाने डोळे मिटून घेतले.

ती चपला घालत होती तेव्हा आतल्या दारातून आवाज आला. हळू, नेहमीचाच. "रत्ना. वाण परत मागू नये बाई. दिलेलं वाण देवाचं होते."

बायकांच्या समोर, दाराआडून, आई बोलली होती. आणि तीही भावाच्याच बाजूने, असं रत्नमालाला वाटलं. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"आज बोलता येते तुले? आज एकादशी नाही वाटते! त्या दिवशी मामा गाडी तोडून राहिले होते, तेव्हा तू उन्हाकडे बोट दाखवलं. एक 'नको' म्हटलं असतं तर तुझा देव रुसला असता? बाबांच्या जोड्या मोडल्या, डब्या कचऱ्यात गेल्या, आणि तू मणी मोजले! आता माह्या वेळेलेच तुले शास्त्र आठवलं!"

देवानंद म्हणाला, "आईशी असं बोलते?" पण रत्नमाला फाटकाबाहेर पडली होती.

मागची गल्ली म्हणजे चार पावलं. सीमाचं घर लहान, दारात तुळस, ताजी रांगोळी. नवरा कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर, ती मूळची गोंदियाकडची. ती दारातच खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर वही, आणि हातात मरून पेन. रामनाम लिहीत होती. पानभर निळ्या अक्षरांच्या ओळी.

"या ना ताई! हर्षावहिनींकडच्या ना तुम्ही? बसा. एवढी ओळ होऊ द्या." तिने ओळ पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि ते कपाळाला लावलं. "काय सांगू ताई, दर वर्षी वाणात प्लास्टिकच्या वाट्या येतात. पहिल्यांदा कोणी लिहायचं काही दिलं. मले रोज एक पान जपाचं लिहायचा नेम आहे. बॉलपेननं बोट दुखे. याच्यानं दुखत नाही. पाण्यासारखं चालते."

रत्नमाला आली होती ती मागायला, नव्हे, हिसकायलाच. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. आता तिला या बाईचाही राग आला. तिच्या निरागसपणाचा आला, पानावरच्या रामाचा आला. रामाचं नाव पुढे केलं की सगळ्यांची तोंडं बंद, आणि ज्याचं गेलं त्यानेच गप्प बसायचं!

"हे पेन माह्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. आवाज तिलाच करकरीत वाटला. "चुकून दिलं गेलं. मले परत पाहिजे."

सीमाचा हात पेनावर घट्ट झाला. मग तिने तो हळूच सैल सोडला, पेन पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलं. "ताई... तुमच्या वडिलांचं आहे तर घ्या. पण..." ती रडवेली झाली. "आमचे हे आता दुपार पाळीत भट्टीवर आहेत. मागच्या वर्षी थोडक्यात वाचले. संक्रांतीचं वाण उंबऱ्याबाहेर परत जाऊ देऊ नये म्हणतात. मी नाही म्हणून नाही राहिली ताई. तुम्हीच सांगा, मी कसं देऊ?"

रत्नमालाचा या गोष्टींवर विश्वास होता की नव्हता, कोण जाणे. पण स्वतःच्या घरातलं वाण तिने तरी कधी परत दिलं होतं? आणि नवरा पाळीवर असताना बाईच्या जिवात काय चालतं, ते भिलाईत कोणाला सांगावं लागत नाही.

"पाहू तर द्याल?"

सीमाने लगेच दिलं. रत्नमालाने पर्समधून रुमाल काढला, पेन्सिल काढली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून बुडाला बूड टेकवलं. जरा फिरवलं. काळी शीर पेनावरून निघाली आणि पेन्सिलीवर चालत गेली, एक केसभरही न तुटता.

"अगं बाई!" सीमा वाकून बघत राहिली. "हे तर एकच आहे!"

"एकच आहे. आता हे पाहा, खिडकी कोणाले आहे?"

सीमाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिला कळलं आणि ती खुदकन हसली. "पेन्सिलीले? पेन्सिलीले खिडकी कशाले? शाई कुठी आहे तिच्यात?"

कोणी न सांगता तिला दिसलं होतं. एवढ्या महिन्यांत ज्याच्या घरात ते पेन होतं त्या इंजिनीअरला दिसलं नव्हतं.

दोन्ही वस्तू रत्नमालाच्या हातात होत्या. उठून चालू लागली असती तर सीमा तिच्या मागे धावली नसती. रत्नमालाने बुडं पुन्हा एकदा टेकवून पाहिली. मग तिने दोन्ही एकत्र रुमालात ठेवली आणि तो रुमाल सीमाच्या ओटीत टाकला.

"ही पण घ्या. माझ्याकडून वाण."

"ताई, नाही हो! तुमच्या वडिलांची..."

"वेगळी ठेवायची नाहीत, एवढं सांगा मले. पेन हरवलं तर पेन्सिल कोणाले द्यायची नाही, आणि पेन्सिल हरवली तर पेन द्यायचं नाही. एका जागी ठेवायची."

सीमाने मान हलवली, रुमाल कपाळाला लावला. रत्नमालाला रडू आलं नाही. आला तो आणखी राग, पण आता स्वच्छ. इतके दिवस ती 'माझं, माझं' म्हणून चिडत होती. ते तिचं कधीच नव्हतं. जोडी जोडीत राहावी एवढंच तिला हवं होतं. आणि एका जोडीचं झालं, बाकीच्यांचं काय?

ती स्कूटी घेऊन सरळ क्वार्टरला गेली. खिडकीतला डबा उचलला. सुमेध टीव्हीसमोरून म्हणाला, "कुठी?"

"बोरसी."

"आत्ता तर आली तिथून."

"परत चालली."

त्याने तिचा चेहरा पाहिला आणि फक्त म्हणाला, "हेल्मेट घाल."

ती पोहोचली तेव्हा शेवटच्या चार-पाच बायका निघायच्या बेतात होत्या. भैयालाल मामाही आले होते, रविवारचे, चहा पीत बसले होते. बरंच झालं. तिने डबा टीपॉयवर ठेवला, झाकण काढलं आणि सगळ्या पेन्सिली काचेवर ओतल्या. गडगडाट झाला. मामांचा चहा हिंदकळला.

"हे घे. सगळ्या पेन्सिली तुह्या."

देवानंद गोंधळला. "मले कशाले?"

"कारण शोकेसमध्ये तुझी पेनं आहेत, आणि संच एका घरात राहायला पाहिजे. मले वाटणी नको. आता तू जुळव. कोणत्या पेनाची कोणती पेन्सिल. आणि जी पेनं वाणात गेली, त्यांच्या पेन्सिली वेगळ्या काढ. मी त्या बायांच्या घरी नेऊन देईन, ज्याच्या त्याच्या पेनाजवळ. वाण परत नाही मागत मी, पुरं करते."

मामा म्हणाले, "रत्ना, हे काय नाटक..."

"मामा, तुम्ही यार्डात गाडी तोडली असेल. जोडली बी असेल ना? कोणता डबा कोणत्या गाडीचा, हे न पाहता जोडली का कधी?"

मामांनी कप बशीत ठेवला आणि बशीकडेच बघत राहिले.

देवानंदला बायकांच्या नजरा टोचायला लागल्या. छाती जरा पुढे आली. "एवढंच ना? जुळवतो. त्यात काय मोठं?"

"रथसप्तमीपर्यंत. नाही जुळलं तर पेनं, पेन्सिली, सगळं मी नेईन. कबूल?"

"कबूल. पण बरोबर का चूक हे कोण सांगणार? तू? तू तर चूकच म्हणशील."

"मी सांगीन," आतून आवाज आला.

सुशीलाबाई दाराच्या बाहेर आल्या होत्या. बायकांच्या समोर, दिव्याखाली. पदर सावरत त्या टीपॉयपाशी आल्या आणि पेन्सिलींच्या ढिगाकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्या माहीत आहेत मले. दर दसऱ्याले खोलून, पुसून, गंध लावून मीच डबीत ठेवत होते. त्यांचं लक्ष तुमच्याकडे असे. डब्या मीच लावत होते."

तर आईला प्रत्येक जोडी ठाऊक होती. त्या दिवशी परातीत जे जे वेगळं झालं, ते ते कोणापासून तुटलं हे आईला दिसत होतं, आणि तरी मणी सरकत होते. एखाद्या लेकीला हे ऐकून आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं असतं.

"माहीत होतं, आणि गप्प बसली?"

"नेम होता, रत्ना."

"असेल. तुझा नेम तुला फळो. पण मले आज तुझ्याशी बोलवत नाही, आई."

सुशीलाबाईंनी मान खाली घातली. ढिगातली एक पेन्सिल सरळ करून ठेवली, मग दुसरी, आणि देवानंदला म्हणाल्या, "बैस. तुले भिंग लागेल."

देवानंद बसला. त्याने शोकेस उघडली, सोनेरी टोपणांची पेनं बाहेर काढली, एक उचलून एका पेन्सिलीशेजारी धरली, मग दुसरीशेजारी. दोन्ही त्याला सारख्याच दिसत होत्या, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

रत्नमाला रिकामा डबा काखेत मारून बाहेर पडली. स्कूटी चालू केली तोच हर्षा फाटकापर्यंत धावत आली, हातात एक पेन्सिल, कपाळावर घाम.

"ताई! हे विचारून राहिले... काळ्या पेनाले काळीच पेन्सिल लागते ना?"

"काळ्याकाळ्यात बी फरक असते. सांग त्याले, डोळे उघडून पाह्य. वस्तू कुठी पळून नाही चालली."

आणि तिने गाडी घराच्या रस्त्याला लावली. मागे हर्षा फाटकात उभी राहून ती पेन्सिल दिव्यापुढे फिरवत होती.